साळूबाईचं आळं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या आंबेखोल गावात एक रीत होती. लेक जन्मली की बापानं दारात झाड लावायचं आणि आईनं न्हाणीचं पाणी पाट काढून त्याच्या आळ्यात सोडायचं. लेक सासरी गेली तरी तिचं झाड माहेरीच राहायचं.

साळूबाईच्या दारात बकूळ होती, तिच्या चंद्राची. चंद्रा सासरी गेली आणि पहिल्याच बाळंतपणात वारली. निरोप आला त्या दिवशी साळूबाई रडली नाही, नुसती बकुळीला कवटाळून बसली. ती उठली तरी सालीवरची ऊब गेली नाही, असं म्हणतात.

गावाचा जीव कळवळला. तातोबा हा गावातला जुना जाणता माणूस. त्यानं गवंडी लावून चंद्राच्या आठवणीसाठी बकुळीला पार बांधला. पार तरी कसा, चिरे अगदी बुंध्याला भिडवले, फटीफटीत चुना भरला, दिव्यासाठी कोनाडा ठेवला. इतका देखणा झाला की मग घरोघरी लेकींच्या झाडांना तसेच पार उभे राहिले. हौसच ती, तिला कोण आवरणार!

दोन-तीन वर्षांत झाडं वाळायला लागली. देवीचा कोप झाला म्हणून नवस बोलले, पारांवर हळदकुंकवाचे थर चढले. अहो, पाणी चिऱ्यांवरून वाहून जातंय, हे कुणाच्या ध्यानातच येईना. साळूबाई रोज हंडा ओतायची. बकूळ मात्र शेंड्याकडून करपत चालली होती. आपली लेक दुसऱ्यांदा चाललीय, एवढंच तिला कळत होतं.

एका सकाळी ओतलेलं पाणी पारावरून परत तिच्या पायावर आलं. ते कोमट होतं, डोळ्यांतल्या पाण्यासारखं, असं म्हणतात. तिनं हंडा ठेवला आणि पहार उचलली.

तातोबा धावत आला. जिथं लेकीच्या नावानं दिवा जळतो ती जागा फोडू नये, पाप लागेल, असं त्यानं परोपरीनं विनवलं.

साळूबाईचा हात थांबला नाही. ती म्हणाली, "तातोबा, तुम्ही मायेनंच बांधलंत. पण माझ्या लेकीचा जीव गुदमरतोय."

म्हातारीच ती, अंगात बळ कुठलं? पण खालून कुणी ढकलावेत तसे चिरे निघाले, असं म्हणतात. खाली मुळं चुन्याला अडून एकमेकींत गुरफटली होती. तिनं बोटांनी माती मोकळी केली, आळं केलं, पालापाचोळा पसरला आणि पाणी ओतलं. बकूळ ते घटाघटा प्यायली, साऱ्या आळीला ऐकू गेलं. तातोबानंही ऐकलं. तो घरी गेला आणि आपल्या लेकीच्या झाडाचा पार स्वतःच्या हातानं उचकटू लागला.

बकूळ पालवली. पुढं एकदा, फुलण्याचे दिवस नसताना, पहाटे गावभर तिचा वास सुटला. लोक येऊन बघतात तर साळूबाई फुलांच्या सड्यात निजलेली. ती पुन्हा उठली नाही.

आजही आंबेखोलात झाडाला पार बांधत नाहीत. लेक सासरी निघाली की वऱ्हाड दारात थांबतं. आई झाडाचं आळं बोटांनी मोकळं करते, लेक तांब्याभर पाणी घालते. ते जिरेपर्यंत कुणी बोलत नाही. मग आई लेकीचा हात विहिणीच्या हाती देते आणि सांगते, "साळूबाईची आण आहे, हिच्या पायाशी मोकळी जागा ठेवा."