चिखलाची शाल

स्कूटर तिरकी करून मग किक मारायचे दिवस होते, तेव्हाची ही गोष्ट. केरबा दूधवाल्याच्या स्कूटरला सिलिंडरभोवती लोखंडी पात्यांची चळत होती. आत पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोलचा भडका उडायचा, त्याची धग भिंतीतून पात्यांकडे यायची आणि पंख्याचा वारा ती उडवून न्यायचा.

पात्यांना हा सततचा वारा नकोसा झाला होता. एकदा ओढ्यातला चिखल त्यांच्या फटींत शिरून म्हणाला, "बायांनो, मी इथंच बसतो. वारा अंगाला लागू देणार नाही." थोरल्या पातीनं त्याला जागा दिली. चिखल वाळला. सगळ्यांना छान ऊब आली.

मग घाट लागला. ऊब वाढतच गेली, आणि सर्वांत धाकट्या पातीला आतून पिस्टनची हाक ऐकू आली. "पात्यांनो, धग बाहेर जात नाही गं! माझं अंग फुगतंय, भिंत चहूकडून आवळतेय!"

धाकटी थोरलीला म्हणाली, "ताई, सगळ्या मिळून थरथरू या. चिखल गळून पडेल."

"तो रोजच ओरडतो," थोरली म्हणाली. "तू गप्प बस."

धाकटी गप्प बसली. आतली हाक घोगरी झाली, मग नुसती करकर उरली, आणि अर्ध्या चढावर तीही थांबली.

केरबानं किक मारून पाहिली. किक खाली जाईना; आत पिस्टन भिंतीला घट्ट चिकटला होता.

बऱ्याच वेळानं थोरली म्हणाली, "अगं, एवढं गार का वाटतंय? ऊब कुठं गेली?"

धाकटीला उत्तर ठाऊक होतं. पण तिला गप्प बसायला सांगितलं होतं.