पहिल्या पाण्याचा मान

पूर्वी डोंगराळ मुलुखातल्या सात कुळांनी मैदानी सम्राटाचे जोखड झुगारून आपले राज्य उभारले आणि शिलावती नगरीत वेणुभद्र राजा राज्य करू लागला, त्या काळी बोधिसत्त्व मत्स्यकुळातल्या एका नावाड्याच्या घरी जन्मास आले होते. राज्य उभे राहून जेमतेम अकरा वर्षे झाली होती. राजा होता, ध्वज होता, वेशीवर नगारा होता. सैन्य मात्र नव्हते. सैन्य म्हणून जे काही होते ती सात कुळांची सात वऱ्हाडे होती, आणि प्रत्येक वऱ्हाडाला आपापला मानपान सांभाळायचा होता.

या मानपानात सर्वांत मोठा होता तो पहिल्या पाण्याचा मान. सैन्य नदीवर पोचले की आधी गरुडकुळाने पाणी प्यायचे. त्यांचे घोडेसुद्धा पिऊन झाले की कुळप्रमुखाने काठावर रोवलेले निशाण उतरवायचे, मग दुसऱ्या कुळाने पुढे व्हायचे, आणि असे करत सर्वांत शेवटी मत्स्यकुळाने. जे लोक जन्मभर नदीत राबत, त्यांची पाळी सातवी. त्यातून पाण्याजवळ शस्त्र न्यायचे नाही अशीही रीत होती. त्यामुळे नदी दिसली की सगळे सैन्य भाले-ढाली जमिनीवर ठेवून रांगेत उभे राही. शत्रूच्या मुलुखात, भर दुपारी, रिकाम्या हातांनी. ही गोष्ट सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्या काळी कोणालाही यात काही वावगे वाटत नव्हते.

बोधिसत्त्व तेव्हा पायदळातले साधे शिपाई होते, आणि त्यांचा धाकटा भाऊ मणिक त्यांच्याच रांगेत होता. एकदा कर्णा नदीच्या उतारावर, जिथे नदी पायी ओलांडता येई तिथे, सैन्य असेच पाळी धरून उभे असताना सम्राटाचे घोडेस्वार चालून आले. ढालीपर्यंत हात पोचायच्या आत तीनशे माणसे पडली. स्वार आले तसे निघून गेले. मणिकच्या पोटात भाला लागला होता. तो पाणी मागत होता, आणि नदी चाळीस पावलांवर होती.

निशाण मात्र अजून वरच होते. गरुडकुळाचा प्रमुख वज्रबाहू हा राजाचा मामा. तो पाण्यात उभा राहून आपला घोडा शांतपणे धूत होता. बोधिसत्त्व रिकामी पखाल घेऊन त्याच्यापुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "भाऊ मरतोय माझा. एक पखाल भरू द्या."

वज्रबाहू म्हणाला, "तुमची पाळी आली की भरा. मी काय नदी घरी नेणार आहे?"

आणि बोधिसत्त्व थांबले. पखाल हातात घेऊन ते थांबले, कारण त्यांचा बाप थांबत आला होता आणि आजाही थांबत आला होता. सातवी पाळी आली तेव्हा मणिकला पाण्याची गरज उरली नव्हती. बोधिसत्त्वांना वज्रबाहूचा संताप आला, त्याहून अधिक संताप स्वतःचा आला, आणि तो पुढे कधीही पूर्ण विझला नाही.

पाणी पिऊन झाल्यावर सगळे सैन्य वाट फुटेल तिकडे पांगले. बोधिसत्त्वांनी वेगवेगळ्या कुळांची चाळीस माणसे गोळा केली, जखमींना खांद्यावर घेतले आणि ओळ न मोडता ती चाळीसच्या चाळीस माणसे शिलावतीला परत आणली. राजा तरुण होता, पण डोळे उघडे असलेला होता. त्याने बोधिसत्त्वांना आधी शंभर माणसे दिली, मग हजार, आणि तिसऱ्या वर्षी सेनापतीचा दंड हातात दिला.

बोधिसत्त्वांनी सातही वऱ्हाडे मोडली. प्रत्येक तुकडीत सातही कुळांची माणसे मिसळली, सर्वांना एकच रणशिंग दिले आणि एकच स्वयंपाक दिला. अमक्याचा मुलगा म्हणून तुकडीचा नायक होणे बंद झाले. ज्याला नायक व्हायचे असेल त्याने शंभर माणसे घेऊन दोन दिवस घाट चढायचा, रोज मुक्कामाला प्रत्येकाचे तळपाय स्वतः तपासायचे, फोडांना स्वतः तेल लावायचे आणि शंभरच्या शंभर परत आणायचे. वज्रबाहूचा मुलगा या परीक्षेत घोड्यावरून सर्वांच्या पुढे आला आणि आपली माणसे कुठे आहेत हे त्याला सांगता येईना. त्याला भाला देऊन रांगेत उभे केले. लुटीला बंदी झाली. पराभूत गावातल्या बाईकडे वाकडा डोळा करणाऱ्याला, मग तो कोणत्याही कुळाचा असो, सर्वांसमक्ष शिक्षा झाली.

पाण्याचा नियमही ठरला. निम्म्यांनी शस्त्र धरायचे, निम्म्यांनी प्यायचे. आधी जखमी, मग जनावरे, मग शिपाई, मग नायक, शेवटी सेनापती.

याने कुळप्रमुखांच्या पोटात दुखू लागले. बोधिसत्त्वांच्या सेनापतीपदाच्या चौथ्या वर्षी सम्राट पुन्हा चालून येत असल्याची खबर आली तेव्हा वज्रबाहू दरबारात उभा राहिला. "पहिल्या पाण्याचा मान परत मिळणार असेल तरच गरुडकुळाचे धान्य आणि घोडे या मोहिमेला मिळतील. नाही तर तुमचा नावाडी आणि तुमची लढाई," असे तो भर सभेत म्हणाला. घोडे बहुतेक गरुडकुळाचेच होते. राजाचा चेहरा उतरला.

सभा संपल्यावर राजाने बोधिसत्त्वांना जवळ बोलावले. "एका घोटाचा तर प्रश्न आहे, सेनापती. मामांना पिऊ द्या आधी. लढाई झाल्यावर बघू."

"महाराज, या घोटापायी तीनशे माणसं गेली."

"मला माहीत आहे. पण ही माझी आज्ञा आहे."

"आज्ञा महाराजांची आहे, ती मोडणार नाही. पण माझ्या तोंडून ती माझ्या माणसांना जाणार नाही. दुसऱ्या कोणाच्या तोंडून जाऊ दे." एवढे बोलून बोधिसत्त्वांनी दंड राजाच्या पायाशी ठेवला. राजाने तो उचलून वज्रबाहूला दिला. भित्र्या माणसाने केलेला हा निवाडा होता, त्याला दुसरे नाव नाही.

बोधिसत्त्व छावणीत परतले तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सुबंधू नावाचा नायक त्यांच्या तंबूत वाट बघत होता. जन्माने हा गरुडकुळातला, पण परीक्षा देऊन नायक झालेला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"राजवाड्याचे पहारे आपल्या माणसांचे आहेत," तो म्हणाला. "दहा हजार माणसं आत्ता, या घटकेला तुमच्या शब्दावर उठतील. त्या म्हाताऱ्या वज्रबाहूला बाहेर ओढू आणि सिंहासनावर तुम्ही बसा. तुम्ही फक्त हो म्हणा."

हो म्हणण्याची बोधिसत्त्वांना फार इच्छा होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी तंबूच्या खांबावर मूठ आपटली, इतक्या जोरात की बोटांच्या पेरांतून रक्त आले.

"मला राग आलाय, सुबंधू. आज माझा राग खरा आहे म्हणून तू राजवाड्यावर चालून जाशील. उद्या दुसरा सेनापती येईल, त्याला कुणीतरी नीट नमस्कार केला नाही म्हणून राग येईल, आणि त्याच वाटेने तोही जाईल. वज्रबाहूला वाटतं नदी त्याच्या बापाची. मला वाटायला लागलं की सैन्य माझं आहे, तर त्याच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला?"

"मग आम्ही काय करायचं?"

"तुकडीचे पाय तपास. उद्या कूच आहे."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व भाला-ढाल घेऊन सुबंधूच्याच तुकडीत शेवटच्या रांगेत उभे राहिले. राजा स्वतः हत्तीवर होता, आणि पुढे नवा सेनापती वज्रबाहू. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सैन्य कर्णा नदीच्या उतारावर पोचले. सकाळपासून कोणाच्या घशात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

वज्रबाहूने काठावर निशाण रोवले आणि सैन्याला जिथल्या तिथे थांबायला सांगितले. मग आपला मुलगा आणि घरचे चाळीस नोकर घेऊन तो पाण्यात उतरला. शस्त्रे, चिलखते, सगळे त्यांनी काठावर काढून ठेवले. बाकी सैन्याला शस्त्रे खाली ठेवायचा हुकूम द्यायला तो विसरला. कशाला देईल? त्याच्या डोक्यात ती रीत होती, आणि रीत सांगावी लागत नाही असे त्याला वाटत होते. पण या सैन्याने चार वर्षांत रीतीने वागणे सोडले होते, ते हुकमाने वागत होते. थांबा म्हटले तर थांबले. भाले कोणी खाली ठेवा म्हटले नव्हते, म्हणून भाले हातातच होते. दहा हजार माणसे कोरड्या तोंडाने, शस्त्रासह, एका म्हाताऱ्याला पाणी पिताना बघत उभी होती.

तेव्हा पलीकडच्या झाडीतून सम्राटाचे घोडेस्वार निघाले. ते सरळ पाण्यात घुसले आणि नोकरांना कापू लागले. वज्रबाहू ओरडत होता, पण तो हुकूम नव्हता, नुसतेच ओरडणे होते.

सगळ्यांत पुढे सुबंधूची तुकडी होती. सुबंधू हलला नाही. दात-ओठ खात तो समोर बघत राहिला. त्याच्या मनात काय आहे हे मागच्या रांगेपर्यंत सर्वांना कळले होते. आणखी थोडा वेळ थांबले की काम आपोआप होणार होते, आणि कोणाला दोषही लागणार नव्हता.

शेवटच्या रांगेतून बोधिसत्त्व म्हणाले, "नायक, तुकडी हुकमाची वाट बघतेय."

सुबंधूने मागे वळून त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने रणशिंग फुंकायला सांगितले. त्या एका आवाजावर सगळे सैन्य एकदम पाण्यात उतरले. सम्राटाच्या स्वारांना पांगलेली, नि:शस्त्र माणसे सापडतील अशी खात्री होती. त्यांच्यापुढे भाल्यांची सरळ ओळ आली. दिवस कलायच्या आत ते पळाले, आणि पुन्हा त्या उतारावर कधी दिसले नाहीत.

वज्रबाहू काठावर पडला होता. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होते. तो पाणी मागत होता. भोवती शंभरएक माणसे उभी होती, सातही कुळांची, त्याच्या स्वतःच्या कुळाचीही. कोणीही हलले नाही. एक जण तर नदीकडे पाठ करून उभा राहिला.

बोधिसत्त्वांनी पखाल भरून आणली आणि गुडघ्यावर बसून त्याचे डोके उचलले.

वज्रबाहूने त्यांना ओळखले. "तू मला पाणी पाजतोस?" तो म्हणाला.

"माझा राग गेलेला नाही. तो जाणारही नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "पण तुम्ही जखमी आहात, आणि या सैन्यात जखमी आधी पितो. प्या."

तो प्याला. मग राजा हत्तीवरून उतरला आणि काठावर पडलेला दंड उचलून त्याने बोधिसत्त्वांपुढे धरला. बोधिसत्त्वांनी तो घेतला, आणि पहिला हुकूम दिला तो पाण्याचा. निम्म्यांनी शस्त्र धरले, निम्मे प्याले. त्या दिवशी राजाही आपली पाळी येईपर्यंत उन्हात उभा राहिला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. त्या सकाळी विहारातल्या विहिरीवर राजघराण्यातून आलेल्या एका नव्या भिक्खूने एका वृद्ध भिक्खूला बाजूला ढकलून आधी पाणी काढले. ते पाहून तिसऱ्याने त्याच्यावर मूठ उगारली. विहाराचे प्रमुख जवळच उभे होते, आणि त्यांनी काही दिसलेच नाही असे दाखवले.

शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा वज्रबाहू म्हणजे आज ढकलणारा हा भिक्खू. सुबंधू म्हणजे मूठ उगारणारा. राजा वेणुभद्र म्हणजे दुसरीकडे बघणारे विहारप्रमुख. सेनापती तो मीच होतो. आणि ज्याला आज विहिरीवरून ढकलले, तो वृद्ध भिक्खू म्हणजे माझा भाऊ मणिक."

सभेत कोणाचीही मान वर राहिली नाही. शास्ते पुढे म्हणाले, "राग आला असतानाही आपला नियम जो मोडत नाही, आणि ज्याच्यावर राग आहे त्यालाही त्याच्या हक्काचे पाणी देतो, त्याच्या या गुणाला क्षांती म्हणतात."