काट्याला गप्प बसवणारी जीप

दरीतल्या वाडीत पहिला गाडीरस्ता पोचला, त्याच सुमारास तिथे एक जीप आली होती. धावून धावून ती आता म्हातारी झाली होती. तिचा मालक रावजी आजारी माणसांना घाट चढून दवाखान्यात न्यायचा.

एकदा चढावर जीपच्या पोटात आग पडली. तापमान दाखवणारा काटा घाबरून म्हणाला, "आजी, तुम्ही फार तापलात. मी वर सरकतो, म्हणजे रावजीला कळेल."

"खबरदार!" जीप म्हणाली. "मेकॅनिकने एकदा पोट उघडलं, की तो मला भंगारात धाडेल."

काटा निमूट खाली बसला. त्यानंतर जीप रोज जीव मुठीत धरून घाट चढायची. इंजिनात खट्ट झालं, तरी तिला धडकी भरायची.

एका दुपारी मागच्या सीटवर बाळंतपणाच्या कळांनी पारूबाई कण्हत होती. अर्ध्या घाटात जीपचा श्वास कोंडला. एका बाजूला खोल दरी होती.

"काट्या, वर सरक!" ती ओरडली. "भंगारात गेले तरी चालेल!"

काटा लाल खुणेवर गेला. रावजीने लगेच गाडी थांबवून चाकांना दगड लावले, आणि मागून आलेल्या ट्रकने पारूबाईला दवाखान्यात पोचवलं.

मेकॅनिक सलीमभाईंनी बॉनेट उघडलं, तेव्हा जीपला वाटलं, संपलं सगळं.

"पाण्याचा पाइप चिरलाय," ते म्हणाले. "बदलला की झालं. पण रावजी, आणखी दोन वळणं ओढली असतीस, तर इंजिन जाम होऊन ही भंगारातच गेली असती."

गार पाणी पोटात उतरत होतं, तरी जीप कितीतरी वेळ थरथरत राहिली.