चौथा पर्याय

“पण सर, नूतनच का? मी का नाही?”

चप्पल काढायच्या आतच हेमंतने विचारून टाकलं. गुंजीकर सर झोपाळ्यावर बसून डाळिंब्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

हेमंत बोरगावकर हा सरांचा सुवर्णपदक मिळवलेला विद्यार्थी. नूतन झगडे त्याच वर्गातली, जेमतेम पास झालेली. आता दोघं एकाच कॉलेजात भूगोल शिकवत. पहिल्या वर्षाच्या परीक्षेचे बहुपर्यायी प्रश्न काढायला विद्यापीठाने सरांकडे एक नाव मागितलं, आणि सरांनी नूतनचं दिलं. तेव्हापासून हेमंतला अन्न गोड लागेना. स्टाफरूममध्ये ती कुणाशी हसली, तरी हा उठून बाहेर जाई.

“तुझा एखादा प्रश्न सांग,” सर म्हणाले.

“आपल्याकडे उन्हाळा का येतो? पर्याय : पृथ्वीचा आस कललेला आहे, चंद्र तापतो, समुद्र आटतो, वारा पडतो.”

“चंद्र तापतो, असं कोण म्हणालं तुला?”

“कुणी नाही. पर्याय भरावे लागतात, सर.”

“हाच प्रश्न नूतनने काढलाय. तिचा एक पर्याय आहे, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते.”

“माझ्या वर्गातली निम्मी पोरं तेच म्हणतात!”

“तिच्याही.”

“मग त्यात तिचं काय कौतुक?” हेमंतचा आवाज चढला. “पोरांच्या चुका वेचायला काय अक्कल लागते?”

हात पुसून सर आत गेले आणि कागद-पेन घेऊन आले.

“लिही. प्रश्न : नूतनची निवड का झाली? पर्याय चार. बरोबर एकच.”

हेमंतला हेच हवं होतं. पेन धावत सुटलं.

ती सरांच्या घरी सारखी येते-जाते.

तिला गोड बोलता येतं.

तिसरा मात्र त्याने पेन दाबून लिहिला : सरांना माझी किंमत कधी कळलीच नाही.

मग पेन थांबलं…

“चौथा?”

हेमंतने कागदाकडे पाहिलं. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत राहिल्या.

“सुचत नाही, सर…”

सरांनी कागद घेतला. चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. हेमंतने मान खाली घातली. आता सर घराबाहेर काढणार, असं त्याला वाटलं.

सरांनी कागदाची नीट घडी केली आणि त्याच्या खिशात सरकवली.

“तिन्ही चुकीचे पर्याय उत्तम उतरलेत,” ते म्हणाले. “यात ‘चंद्र तापतो’ एकही नाही. पुढच्या वर्षी तुझं नाव देतो.”