पंचांचं नवं शास्त्र

चर्चच्या मंडळीचे पंच शांतवनराव यांनी आपल्याला पडलेल्या स्वप्नांचं पुस्तक छापलं आणि मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत येऊन बाईंना फर्मावलं, "सगुणाबाई, मुलांना हे पवित्र शास्त्र म्हणून शिकवा, नाहीतर वर्ग सोडा!"

वीस वर्षं शिकवलेला वर्ग! तरी बाईंची मान ताठच.

"शिकवते की! पण पूर्वी रोमच्या बादशहाचे शिपाई शास्त्र जाळायला ख्रिस्ती घरांत शिरायचे. आज आले, तर त्यांना जाळायला येशूचं शुभवर्तमान द्याल की तुमचं हे?"

पोरं टक लावून बघत होती. पंच पुटपुटले, "माझंच देईन."

"ऐकलंत रे? गावोगावच्या मंडळ्यांनी जीव दिला, पण जे हातचं सोडलं नाही, ते शास्त्र ठरलं. हे तर लिहिणाऱ्यानेच देऊन टाकलं!"

पंच पुस्तक काखेत मारून निघाले. वर्ग बाईंचाच राहिला.