येसबा प्राणायाम शिकला

कुठल्याशा डोंगराखालच्या गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कुत्रं भुंकलं तरी त्याची छाती धडधडायची. शेवटी त्याच्या बायकोनं, भागानं, त्याला मठातल्या बुवांकडे पाठवलं.

बुवा म्हणाले, "जीव घाबरा झाला की एक नाकपुडी दाबायची. दुसरीनं सावकाश श्वास घ्यायचा. चित्त शांत होतं."

येसबा खूश होऊन निघाला. चावडीपुढे पाटील गड्यावर ओरडत होते. तोंड लालबुंद झालेलं. येसबानं पुढं होऊन पाटलांची नाकपुडी दाबली.

"घ्या आता दुसरीनं."

पाटलांनी त्याच्या कानाखाली जाळ काढला. "दुसऱ्याच्या नाकाला हात लावतोस? लांब उभं राहून नुसतं सांगावं, श्वास सोडा म्हणून!"

"बरं," येसबा म्हणाला.

पुढच्या आळीत धोंडूतात्या अखेरच्या घटका मोजत होते. घरात रडारड चाललेली. येसबा लांबच, उंबऱ्यापाशी उभा राहिला.

"तात्या, श्वास सोडा. घाई नको. पण पुरता सोडा."

तात्यांच्या लेकानं त्याला अंगणात ढकललं. "असं म्हणतात होय रे? श्वास धरून ठेवा, अजिबात सोडू नका, असं म्हणावं!"

"बरं."

देवळापाशी वरात आली होती. सनईवाला गाल फुगवून वाजवत होता. सगळा श्वास सनईतून वाया चाललेला. येसबाला बघवेना. त्यानं धावत जाऊन सनईच्या तोंडावर तळहात गच्च दाबला.

"धरून ठेवा! अजिबात सोडू नका!"

सनईवाल्यानं डोळे पांढरे केले आणि तो आडवा झाला.

"बघतोस काय?" नवऱ्या मुलाचा बाप ओरडला. "गुदमरलाय तो! गुदमरलेल्याला वारा घालावा!"

येसबानं उपरण्यानं वारा घातला. सनईवाला उठून बसला. हे मात्र येसबाला मनापासून पटलं.

तो घरी आला. भागा पाण्याला गेली होती. चुलीतली ठिणगी उडून कुडाचा कोपरा धुमसत होता. घरभर धूर कोंडलेला.

"अरेरे," येसबा म्हणाला, "घर गुदमरलं."

त्यानं सूप घेतलं आणि वारा घालायला लागला. कोपरा जरा उजळला. येसबाला हुरूप आला. त्यानं हात आणखी जोरात चालवला. धग लागायला लागली तेव्हा तो अंगणात गेला आणि तिथून वारा घालू लागला.

भागा हंडा टाकून धावत आली, तोवर नुसते खांब उरले होते.

"अहो, हे काय करून बसलात!"

येसबानं कपाळावरचा घाम पुसला.

"अगं, आता कुठं घराला मोकळा श्वास घेता येतोय. मधे भिंतीच आड येत होत्या."