कानात सांगायची गोष्ट

सहा वर्षांच्या बालकलाकार उन्मेषला कॅमेऱ्यासमोर रडवायला दिग्दर्शक जयवंतराव त्याच्या कानात सांगायचे, "तुझी आई मेली रे!" पोर हंबरडा फोडायचं आणि हा म्हातारा 'अभिनयाचा गुरू' म्हणून हार घालून घ्यायचा.

वीस वर्षांनी उन्मेष त्यांच्याच मालिकेच्या ऑडिशनला आला. युनिटसमोर जयवंतराव खेकसले, "तेव्हा क्षणात रडायचास. आता रडून दाखव, नाहीतर चालू लाग!"

उन्मेष त्यांच्या कानात पुटपुटला, "सर, चॅनलनं तुमची मालिका बंद केली."

जयवंतरावांचे डोळे डबडबले.

"खोटं आहे, सर," उन्मेष मोठ्यानं म्हणाला. "पण याला अभिनय म्हणायचं का? आता कॅमेरा लावा, मी अभिनय करतो."

पहिल्याच टेकला युनिटनं टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याला भूमिका द्यावीच लागली. आई ठणठणीत आहे, रोज मालिका बघते.